एमपीएससी सोडायची की नाही: छातीतली धडधड कशी थांबली

लक्षण असं: अभ्यासिकेत आठ तास बसायचो, पान तेच. रात्री ‘आता पुरे’ हा विचार आला की छातीत धडधड. वय ३१, पुण्यातलं पाचवं वर्ष. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८, त्यामुळे ‘अजून एक अटेम्प्ट’ ही पळवाट कायम उघडी.

मित्रांना विचारलं, फायद्यातोट्यांचा तक्ता केला, ज्योतिषीही झाला. नुसता वैताग.

मग हे केलं, याच क्रमाने. आधी भीती एका वाक्यात वहीत लिहिली. चार वेळा खोडलं. शेवटी उरलं ते ‘नापास होईन’ नव्हतंच, ‘आबांना कसं सांगू’ होतं. (निम्मं काम इथेच झालं.) दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्याही आधी, आबांना फोन. निर्णय नाही, फक्त भीती सांगितली. ते म्हणाले, “मला वाटलं तुझी तब्येत बिघडलीय.” त्यानंतर खोली, मेस, अभ्यासिका यांचा महिन्याचा खर्च मांडला. मग ३० जून ही निर्णयाची तारीख ठरवून दोन महिने अर्धवेळ नोकरी करून पाहिली. या काळात खोली सोडली नाही, पुस्तकंही विकली नाहीत. परतीची वाट होती म्हणूनच पाऊल उचललं गेलं.

पुस्तकं जुलैत एका ज्युनिअरला दिली. नोट्स मात्र अजून माळ्यावर आहेत.