बादलीतला बाथ बॉम्ब आणि बाथरूममधले सीरम : या चुका टाळा

दिवाळी, लग्न किंवा वाढदिवसाच्या निमित्ताने हल्ली घरोघरी एक देखणी पेटी येते. तिच्यात पाण्यात फसफसणारे एक-दोन बाथ बॉम्ब, गुलाबाच्या पाकळ्या घातलेले बाथ सॉल्ट, हाताने बनवलेला साबण, शिया बटरची (शियाच्या बियांतून काढलेल्या मेदाची) डबी आणि चेहऱ्याला लावायचे बोटभर उंचीचे एखादे सीरम असते. आठ-पंधरा दिवसांत तक्रारी सुरू होतात. कोणाचे अंग कोरडे पडते, कोणाच्या चेहऱ्यावर पुरळ उठते, कोणाचा बाथ बॉम्ब फसफसतच नाही, तर कोणाच्या डबीतले बटर रव्यासारखे होते. यांतल्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी उत्पादनाचा कमअस्सलपणा नसतो. ही उत्पादने भरलेल्या टबासाठी आणि थंड, कोरड्या हवेसाठी बेतलेली असतात. आपल्याकडे बादली असते, बोअरचे पाणी असते आणि वर्षातले चार महिने भिंतींनाही ओल येते. त्यामुळे वेष्टणावरील सूचना जशाच्या तशा पाळण्यापेक्षा प्रमाण, क्रम आणि साठवण या तीन गोष्टी आपल्या घरापुरत्या बदलून घ्याव्या लागतात.

प्रमाण टबाचे, पाणी बादलीचे

बाथ बॉम्ब ही कल्पना इंग्लंडमधील डॉर्सेट येथील. ‘लश’ कंपनीच्या सहसंस्थापक मो कॉन्स्टंटाइन यांना ती १९८९ मध्ये पाण्यात फसफसणाऱ्या औषधी गोळीवरून सुचली. आतला मुख्य ऐवज आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे : खाण्याचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड. दोन्ही कोरडे असेपर्यंत शांत असतात, पाणी लागले की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्याबरोबर रंग, सुगंध व तेल पसरते. बहुतेक पाककृतींत दोन भाग सोड्याला एक भाग सायट्रिक ॲसिड घेतात. रासायनिक हिशेबाने एक भाग सायट्रिक ॲसिड साधारण सव्वा भाग सोडाच संपवू शकते, म्हणजे उरलेला सोडा पाण्यात तसाच राहतो आणि पाणी किंचित अल्कधर्मी होते. त्वचेचा पृष्ठभाग मात्र स्वभावतः आम्लधर्मी असतो. त्याचा सामू (पीएच) साधारण पाचच्या आसपास राहतो.

टबात दीडशे लिटर पाणी असेल, तर दीडशे ग्रॅमच्या एका बॉम्बमुळे लिटरमागे एक ग्रॅम मिश्रण पडते आणि त्याचा फारसा त्रास होत नाही. तोच बॉम्ब पंधरा लिटरच्या बादलीत टाकला की ते प्रमाण दसपट होते, आणि तेच पाणी तांब्याने अंगावर घेऊन वर पुन्हा साध्या पाण्याने धुतले नाही, तर अंग ताणल्यासारखे वाटणारच. उपाय सोपा आहे. बॉम्ब कोरड्या सुरीने चार-सहा तुकड्यांत फोडावा, बादलीसाठी एकच लहान तुकडा वापरावा किंवा सरळ त्याचा उपयोग पाय शेकण्याच्या टोपापुरता ठेवावा. माझ्या मते बादलीच्या घरात बाथ बॉम्बचे खरे सुख पायांनाच मिळते. हे पाणी चेहऱ्यावर घेऊ नये आणि शेवटचे दोन तांबे साध्या पाण्याचे असावेत. रंगीत बॉम्बचा डाग फरशीच्या सांध्यांत बसू नये म्हणून पाणी ओतल्यावर लगेच फरशी धुवावी.

हॉटेलात किंवा घरी टब उपलब्ध असेल तेव्हा वेगळी चूक होते : फेसाच्या पाण्यात तासभर बसून राहणे. फेस आणणारी द्रव्ये मुळात साबणाच्या जातकुळीतली असतात आणि ती फार वेळ लागून राहिली की त्वचेला व मूत्रमार्गाला जळजळ होऊ शकते. अमेरिकेत अशा उत्पादनांच्या वेष्टणावर तसा इशारा छापणे बंधनकारक आहे. लहान मुलींच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे. कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तिमाहीत, कढत पाण्यात बसणे टाळावे.

बोअरच्या पाण्याशी भांडण

महाग साबणाबद्दलची सर्वांत जुनी तक्रार म्हणजे त्याला फेस येत नाही, आणि अंग धुतल्यावर काहीतरी चिकटून राहिल्यासारखे वाटते. नळाच्या तोंडावर पांढरा थर धरत असेल आणि गीझरचे कॉइल वरचेवर बदलावे लागत असेल, तर उत्तर तिथेच आहे. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातल्या मेदाम्लांशी संयोग पावून न विरघळणारी साय तयार करतात. तीच बादलीच्या कडेला राखाडी रेषेच्या रूपाने दिसते आणि तीच त्वचेवर व केसांवर बसते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानली जाते आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतली जाते. या दोन आकड्यांमध्ये साबणाचे वागणे पूर्ण बदलते.

हाताने बनवलेला साबण हा खराखुरा साबण असल्यामुळे त्याला ही अडचण जास्त जाणवते. खात्री करायची असेल तर झाकणाच्या पारदर्शक बाटलीत थोडे पाणी आणि साबणाचा लहानसा कीस घालून जोराने हलवावे. भरपूर फेस आणि खाली स्वच्छ पाणी दिसले तर पाणी चांगले आहे. फेस कमी आणि पाणी दुधाळ, वर गाठीगाठी दिसल्या तर साबण बदलून काही होणार नाही. अशा घरात साबणाऐवजी सिंडेट प्रकारची, म्हणजे कृत्रिम फेनकारकांची, वडी किंवा बॉडी वॉश वापरावा, कारण त्यातील फेनकारके क्षारांशी अशी गाठ बांधत नाहीत. शेवटचे तांब्याभर पाणी फिल्टरचे किंवा पालिकेच्या नळाचे घेतले तरी फरक पडतो. नळाला लावायचे छोटे शॉवर फिल्टर बहुधा क्लोरीन आणि गाळ कमी करतात, कठीणता नव्हे. हा भेद जाहिरातीत स्पष्ट केलेला नसतो आणि पैसे तिथे वाया जातात.

आता एप्सम सॉल्टकडे वळू. हे मॅग्नेशियम सल्फेट, इंग्लंडमधील एप्सम गावच्या झऱ्यावरून नाव पडलेले. पाय दुखत असताना गरम पाण्यात ते टाकून बसल्यावर बरे वाटते हे खरे. मात्र त्वचेतून मॅग्नेशियम शरीरात भरपूर शोषले जाते, या दाव्यामागे भक्कम पुरावा नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. पाणी कठीण करणाऱ्या दोन धातूंपैकी मॅग्नेशियम हा एक. म्हणजे एप्सम सॉल्ट घातलेल्या बादलीत साबण लावणे म्हणजे चांगले पाणी हाताने बिघडवून मग फेस येत नाही म्हणून कुरकुरणे. आधी साबणाने अंग स्वच्छ धुवावे, मग एप्सम सॉल्टच्या पाण्यात पाय ठेवावेत आणि त्यानंतर साबण लावू नये. टाचांना भेगा असतील किंवा मधुमेह असेल, तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असली तर पाणी किती गरम आहे हेही कळत नाही.

उटणे, तेल आणि लिंबू

आपल्याकडचे जुने आणि खरे चैनीचे स्नान म्हणजे अभ्यंगस्नान. आंबेहळद, कचोरा, वाळा, नागरमोथा, संत्र्याची साल अशा द्रव्यांचे उटणे आता सुबक डब्यांतही मिळते, आणि महाग डबीतल्या उटण्यातही भरड कण असू शकतात. चिमूटभर उटणे दोन बोटांत चोळून पाहावे; खरखर जाणवली तर ते फक्त हातापायांना, तेलात किंवा दुधात भिजवून लावावे आणि चेहऱ्यावर घासू नये. उटणे वाळून कडक होऊ दिल्यास काढताना त्वचा ओढली जाते, म्हणून ते ओलसर असतानाच धुवावे.

चेहऱ्यासाठी घरी कालवलेल्या बेसन-हळदीच्या लेपात लिंबू पिळण्याची हौस मात्र सोडून द्यावी. लिंबाच्या रसात आणि विशेषतः सालीत फ्युरोकुमारिन नावाची द्रव्ये असतात. ती त्वचेवर राहिली आणि त्यावर ऊन पडले की भाजल्यासारखे लाल चट्टे उठतात आणि पुढे कित्येक आठवडे काळे डाग राहतात. पहाटेच्या अंधारात लेप लावला तरी तो नीट धुतला गेला नसेल, तर दुपारच्या उन्हात व्हायचे ते होतेच.

तिळाचे तेल आणि उटणे यांच्या जोडीने आणखी दोन घरगुती अपघात होतात. फरशी निसरडी होते, म्हणून पायाखाली रबरी चटई हवी, विशेषतः आजी-आजोबांच्या स्नानाच्या वेळी. आणि मोरीचा पाइप तुंबतो, म्हणून जाळीवर जुने कापड ठेवून गाळ वेगळा कचऱ्यात टाकावा.

पावसाळा, कुरियर आणि बरणी

बाथ बॉम्ब फसफसत नाही, याचे कारण बहुधा तो आधीच फसफसून गेलेला असतो. सोडा आणि सायट्रिक ॲसिड यांना एकत्र यायला जेवढी ओल लागते, तेवढी जुलैतल्या मुंबईची किंवा कोकणातली हवाच पुरवते. बॉम्ब फुगला, त्यावर पुटकुळ्या आल्या किंवा वेष्टण तट्ट झाले तर ओल शिरली असे समजावे. तो वापरता येतो, फक्त तमाशा दिसणार नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह तो कपाटात ठेवावा. शोभेसाठी बाथरूमच्या फळीवर मांडलेले बाथ सॉल्ट महिनाभरात दगड होते.

एप्रिल-मेमध्ये मागवलेले शिया बटर विदर्भात पोहोचेपर्यंत वितळते आणि हळूहळू थंड होताना त्यातील काही मेद वेगळे होऊन रवाळ कण धरतात. यात खराब झालेले काही नसते. डबी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून बटर पूर्ण पातळ करावे, कण राहू देऊ नयेत, आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवावे. झटपट थंड झाले की ते पुन्हा गुळगुळीत होते. हा उपाय निव्वळ बटरसाठी आहे. पाणी असलेले क्रीम फुटून तेल वर आले असेल, तर त्यातील संरक्षक द्रव्याची वाटणीही बिघडलेली असू शकते आणि ते टाकून देणेच बरे.

बरणीत ओले बोट घालणे ही लहान दिसणारी पण नेहमीची चूक आहे. कोरडा चमचा वापरावा. वेष्टणावर उघड्या डबीचे चित्र आणि त्यात ६ किंवा १२ हा आकडा असतो, तो उघडल्यानंतरचे महिने दाखवतो. उघडल्याची तारीख डबीच्या बुडाला लिहून ठेवावी.

चेहऱ्यावर सगळे एकदम

महाग वस्तू एकाच दिवशी उघडण्याचा मोह समजण्यासारखा आहे, परंतु पाच नवी उत्पादने एका रात्री लावून सकाळी पुरळ उठले, तर दोष कोणाचा हे कोणीच सांगू शकत नाही. एका वेळी एकच नवे उत्पादन आणावे. कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून पाहावे. एका रात्रीची चाचणी अपुरी ठरते, कारण ॲलर्जीचे पुरळ उठायला दोन-चार दिवसही लागतात. सुगंधी उत्पादनांबाबत ही काळजी जास्त घ्यावी. लिनालूल आणि लिमोनीन ही नैसर्गिक तेलांतलीच द्रव्ये हवेशी संयोग होऊन ॲलर्जी निर्माण करू शकतात, त्यामुळे ‘संपूर्ण नैसर्गिक’ हा शिक्का संवेदनशील त्वचेला अभय देत नाही.

व्हिटॅमिन सीचे सीरम शुद्ध एल-ॲस्कॉर्बिक ॲसिडचे असेल तर ते हवा, ऊन आणि उष्णता यांनी लवकर बिघडते. फिकट रंगाचे सीरम नारिंगी-तपकिरी झाले की त्याचे काम संपले. किंमत आठवून ते वापरत राहू नये. रेटिनॉल (व्हिटॅमिन ए गटातले द्रव्य) आणि ग्लायकोलिक ॲसिडसारखे आम्ल एकाच रात्री लावल्यास त्वचा सोलते. रेटिनॉल आठवड्यातून दोन रात्रींपासून सुरू करावे, वाटाण्याएवढे घ्यावे आणि गरोदरपणात वापरू नये. कुमकुमादी तेल हे मुळात तिळाच्या तेलावर सिद्ध केलेले असते. तेलकट त्वचेवर दमट हवेत सकाळी पाच-सहा थेंब चोळून बाहेर पडण्यापेक्षा रात्री ओलसर चेहऱ्यावर दोन थेंब पुरतात.

सनस्क्रीन किंवा क्रीम लावताना मळ निघावा तशा सुरळ्या निघतात, तेव्हा थर फार जाड झालेले असतात किंवा त्यांच्यात वाळायला वेळ दिलेला नसतो. पातळ द्रव्य आधी, दाट नंतर, मध्ये काही मिनिटे, आणि चोळण्याऐवजी थापून लावणे, एवढ्याने हा प्रश्न बहुधा मिटतो. सनस्क्रीन मात्र कमी करू नये. एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा, आकडा चौरस सेंटिमीटरमागे दोन मिलिग्रॅम एवढ्या थरावर मोजलेला असतो; चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर काढलेल्या पट्ट्या हा त्याचा ढोबळ अंदाज. सीरमवर हजारो खर्चून सनस्क्रीन थेंबभर लावणे हा सरळसरळ तोट्याचा व्यवहार आहे.

खरेदी आणि त्रास झाल्यावर

परदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या क्रीमच्या खोक्यावर भारतातील नोंदणी क्रमांक आणि नोंदणीधारकाचे नाव-पत्ता नसेल, तर कितीही सवलत असली तरी ते घेऊ नये. त्वचा आठवड्यात उजळवण्याचे आश्वासन देणाऱ्या बेनामी डब्यांबाबत तर नाहीच नाही. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे जे रुग्ण आढळले, त्यांतील अनेकांनी अशी क्रीम वापरलेली होती आणि डॉक्टरांनी त्याचा संबंध क्रीममधील पाऱ्याशी जोडला. सौंदर्यप्रसाधनांत नकळत आलेला पारासुद्धा दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही.

त्रास झालाच तर एक क्रीम उतरवायला दुसरे लावू नये. सर्व नवी उत्पादने थांबवावीत, कोमट पाणी, सौम्य क्लेन्झर आणि सुगंधविरहित साधे मॉइश्चरायझर एवढ्यावर राहावे. पापण्या किंवा ओठ सुजले, फोड आले किंवा श्वासाला त्रास वाटला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पुरळ आठवड्याभरात उतरले नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि जाताना बरणीबरोबर तिचे खोकेही न्यावे. घटकांची संपूर्ण यादी बऱ्याचदा खोक्यावरच असते, आणि पॅच टेस्ट (त्वचेवर पट्टी लावून करायची ॲलर्जीची चाचणी) कोणत्या द्रव्यांची करायची हे डॉक्टर त्या यादीवरूनच ठरवतात.