लग्नपत्रिकांच्या पाठीवर सांगकुरियांग

लग्नपत्रिका मी टाकत नाही. एकीच्या कोऱ्या पाठीच्या चार चिठ्ठ्या होतात आणि लोककथा उकलायला तेवढंच लागतं. साखळी गावातल्या घरी सोप्यावर बसते, आधी पंखा बंद करते. एकदा विसरले, तर शेवटची, कोंबड्याची चिठ्ठी अंगणात उडाली.

इंडोनेशियाच्या पश्चिम जावातली सांगकुरियांगची कथा घ्या. एका चिठ्ठीवर एकच घटना, विशेषणं नकोत. दायांग सुंबी या बाईच्या हातून विणताना धोटा, म्हणजे मागावर आडवा दोरा नेणारी नळी, पडतो. जो आणून देईल त्याच्याशी लग्न करीन, म्हणते. तुमांग नावाचा कुत्रा आणून देतो, लग्न होतं. त्यांचा मुलगा, सांगकुरियांग, कुत्रा हाच आपला बाप हे ठाऊक नसताना त्याला मारतो. आई भाताचा डवला डोक्यात घालते. तो घर सोडतो, वर्षांनी परततो, तिलाच मागणी घालतो. ती डवल्याचा व्रण ओळखते, एका रात्रीत तळं आणि नाव मागते. काम होत आलेलं पाहून स्वतः विणलेलं कापड पूर्वेला फडकवते, कोंबडे पहाट झाली असं फसून आरवतात. तो नाव लाथाडतो. ती पालथी नाव म्हणजे बांडुंगजवळचा तांगकुबान पराहू, 2084 मीटरचा ज्वालामुखी.

आता क्रम मोडा. सारख्याखाली सारखं लावा. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ लेव्ही-स्ट्रॉसने 1955 मध्ये हीच रीत मांडली. लग्नाच्या रांगेत दोन नवरे येतात: एक माणूसच नाही इतका परका, दुसरा पोटचा. मोडलेल्या नात्यांच्या रांगेत बापाची हत्या आणि डवला. धोटा कुठे ठेवावा, सुचेना. सहज कापडाच्या चिठ्ठीखाली सरकवला आणि दिसलं: मागावरच्या धोट्याने पहिलं लग्न जुळतं, त्याच मागावरच्या कापडाने दुसरं मोडतं.

मग शेजारी मध्य जावातली रोरो जोंगग्रांग या राजकन्येची कथा मांडा. तिथेही एका रात्रीचं काम, हजार देवळं. तिथेही खोटी पहाट, पूर्वेला जाळ आणि भात कांडायचा आवाज. पण मागणी घालणारा तिच्या बापाला मारणारा. म्हणजे खोटी पहाट अति जवळचा नवराही टाळते, वैरीही. फक्त इथे दगड ती स्वतः होते; तिथल्या प्रंबानन देवळातली दुर्गेची मूर्ती तीच, म्हणतात.

कोंबडा दिसला की आपल्याला पांडव आठवतात, रात्रीत बांधायला घेतलेलं देऊळ अर्धवट राहिलेलं. लगेच ‘सेम टू सेम’ म्हणू नका. पांडवांचा कोंबडा आपसूक आरवतो, त्याला फसवणारं कोणी नाही. ती चिठ्ठी वेगळ्या रांगेत जाते.