छोट्या शहराचा वाहतूक आराखडा करताय? आधी नुसत्या गाड्या मोजणं थांबवा

कमी उत्सर्जनाच्या वाहतुकीचं प्लॅनिंग करायला नव्याने येणाऱ्यांसाठी लिहितेय. अव्हॉइड-शिफ्ट-इम्प्रूव्ह (फेऱ्या टाळा, कमी धुराच्या साधनांकडे वळवा, वाहनं सुधारा), मोडल शेअर (कुठल्या साधनाने किती टक्के फेऱ्या होतात) वगैरे तुम्हाला माहीतच असणार, ते परत सांगत बसत नाही. मी जिथे आपटले तेवढंच नीट सांगते, कारण ते आठवलं की अजून पोटात खड्डा पडतो.

माझा पहिला स्वतंत्र आराखडा एका छोट्या शहराचा होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम ४ किलोमीटर. सर्व्हेसाठी मी सकाळ-संध्याकाळ मुख्य चौकात फॉर्म घेऊन उभी राहायचे. फॉर्मवर रकाने होते दुचाकी, कार, बस, ट्रक. चालणाऱ्यांसाठी रकानाच नव्हता, आणि तेव्हा मला ते खटकलंही नाही. एक बाई एका सकाळी माझ्यासमोरून चार वेळा रस्ता ओलांडून गेली, आधी मुलाला शाळेत सोडायला, मग एकटी परत, मग आईचा हात धरून हळूहळू दवाखान्याकडे आणि तशाच दोघी परत. एकदा ट्रक जाईपर्यंत दोघी रस्त्याच्या मधोमध थांबून राहिल्या होत्या. ट्रकची रेघ मी ओढली, त्या दोघी माझ्या कागदावर कुठेच आल्या नाहीत.

मग काय, आकड्यांत फक्त गाड्या दिसत होत्या म्हणून उपायही गाड्यांचाच निघाला. गावात गोल फिरणारी इलेक्ट्रिक बस आणि चार्जिंग स्टेशन. बस सुरू झाली आणि दुपारभर रिकामी फिरायला लागली. ज्याला दीड किलोमीटर जायचंय तो अर्धा तास बसची वाट बघत उभा राहत नाही हो, तो चालत निघतो नाहीतर गाडी काढतो.

आता ही चूक जरा उकलून सांगते, कारण हुशार मुलंही इथेच अडकतात. चौकात मोजलं की प्रत्येक गाडीची एक रेघ, मग ती १ किलोमीटर जाणार असो की ३०, गावातली असो की नुसती गावातून पुढे जाणारी, आत एक माणूस असो की चाळीस. पण उत्सर्जन किलोमीटरवर ठरतं. समजा १०० लोक घराबाहेर पडले, त्यातले ८० जण गावातच दीड-दीड किलोमीटर गेले, म्हणजे १२० किलोमीटर, आणि उरलेले २० जण शेजारच्या मोठ्या शहरात ३० किलोमीटर गेले, म्हणजे ६००. फेऱ्या गावातल्या जास्त, पण धूर बाहेरच्या फेऱ्यांचा. म्हणजे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गावात सलग फुटपाथ, सायकल, ताशी ३० ची वेगमर्यादा. बाहेर जायला भरवशाची बस किंवा ट्रेन. स्वित्झर्लंडने १९८२ साली देशभर ठरावीक अंतराने ट्रेन सोडायला सुरुवात केली, त्यामुळे लहान गावांच्या बसही ट्रेनच्या वेळेशी जुळवता येतात. मी हे दोन प्रश्न एकाच बसमध्ये कोंबले.

आणि बस म्हणजे आपोआप स्वच्छ हेही डोक्यातून काढा. १ लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, पेट्रोलचा २.३ च्या आसपास. लिटरला साडेतीन किलोमीटर जाणाऱ्या डिझेल बसमध्ये चारच माणसं असतील तर माणशी किलोमीटरला १९० ग्रॅमच्या वर जातं, लिटरला १५ किलोमीटर जाणाऱ्या पेट्रोल कारमध्ये एकटा माणूस असला तरी १५० च्या वरच थोडं. तीच बस ३० जण घेऊन गेली की २६ वर येते. इलेक्ट्रिक घेतली की आकडे बदलतात, पण रिकामी बस कोणाचीच कार घरी ठेवत नाही.

फुकट प्रवास हा सगळ्यांचा आवडता शॉर्टकट. बेल्जियमच्या हॅसेल्टने १९९७ मध्ये बस मोफत केली, प्रवासी प्रचंड वाढले, आणि २०१३ मध्ये खर्च झेपेना म्हणून पुन्हा तिकीट लावावं लागलं. पैसे असतील तर आधी फेऱ्या वाढवा असं माझं ठाम मत आहे. सॉफ्टवेअरचंही तसंच, पहिल्या महिन्यात वाहतुकीचा अंदाज काढणारं कॉम्प्युटर मॉडेल उघडूच नका, फॉर्ममध्ये जे नाही ते मॉडेल कुठून आणणार? आणि काम शिकवणारा गाइड निवडताना तो त्या गावात शेवटचं पायी कधी फिरला ते विचारा. मला सगळ्यात जास्त एका बस ड्रायव्हरने शिकवलं, कुठल्या स्टॉपवर म्हातारी माणसं चढायला घाबरतात ते त्याला तोंडपाठ होतं.

घाबरू नका मात्र. छोटं शहर खरं तर सोपं असतं, ४ किलोमीटर म्हणजे सायकलवर १५-२० मिनिटं. नेदरलँड्समधल्या हाउटनची रचनाच अशी आहे की एका भागातून दुसऱ्या भागात जायला कारला बाहेरच्या रिंग रोडवरून वळसा घालावा लागतो आणि सायकल मधून सरळ जाते. स्पेनच्या पॉन्तेवेद्राने १९९९ पासून जुन्या शहरातल्या गाड्या कमी करत नेल्या, तिथे आता लोक रस्त्याच्या मधून चालतात. दोन्हीकडे महागडं तंत्रज्ञान नाही, फक्त कोणाला सरळ वाट द्यायची हे ठरवलंय. व्यापारी विरोध करतील, मीटिंगमध्ये आवाज चढतील, त्याची तयारी ठेवा.

सुरुवात अशी करा. वेगवेगळ्या भागांतल्या घरी जाऊन घरातल्या प्रत्येकाला कालचा दिवस विचारा, कुठून कुठे, कशाने, किती वाजता, सोबत कोण, आणि कुठे जायचं राहून गेलं. हा शेवटचा प्रश्न गाळू नका. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्या न झालेल्या फेऱ्या तिथेच सापडतात. चौकातली मोजणीही करा, पण दुपारी आणि शाळा सुटतानाही उभे राहा. माझ्या फॉर्मवर आता पहिला रकाना चालणाऱ्यांचा आहे, आणि त्याच्या शेजारी मी लिहिते, रस्ता ओलांडायला किती सेकंद थांबावं लागलं.