शिखर सरकलं, पण ताणामुळे नव्हे

मोलिब्डेनम डायसल्फाइडच्या एकाच थराचे रामन वर्णपट घेत होतो, म्हणजे लेझर टाकून विखुरलेल्या प्रकाशातली शिखरं पाहत होतो; शिखराची जागा सेंमी⁻¹ या एककात मोजतात. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर, १०० पट मोठं दाखवणारं भिंग. दोन मुख्य शिखरांमधलं अंतर १९ सेंमी⁻¹च्या आसपास, म्हणजे थर एकच, हे नक्की. पण दोन्ही शिखरं अपेक्षेपेक्षा साधारण २ सेंमी⁻¹ खाली. मी खूश! ताणाने शिखर खाली सरकतं, म्हणून छिद्रावर ताणलेल्या थरात ताण मोजला, असं वहीत लिहूनही टाकलं.

शंका आली ती तोच नमुना दुसऱ्यांदा मोजताना. शिखर आणखी खाली आणि रुंदही. ताण असा दर फेरीला कसा वाढेल?

आधी सिलिकॉन तपासलं, कारण त्याच्या शिखराची जागा ठाऊक असते. त्याचं शिखर ५२०.७ वर, जागच्या जागी. यंत्र निर्दोष, दोष माझाच. मग हिशेब केला: लेझरचा १ मिलिवॉट म्हणजे क्षुल्लक वाटतं, पण ते पाऊण मायक्रॉनच्या ठिपक्यात कोंबलं की दर चौरस सेंमीला दोन लाख वॉटच्या वर जातं. खाली छिद्र असल्याने उष्णतेला निसटायला जागा नाही, थर नुसता भाजत होता. तापमान अंशाने वाढलं की शिखर साधारण ०.०१ सेंमी⁻¹ घसरतं. म्हणजे तो बिचारा दीडशे अंशांहून जास्त तापला होता.

उपाय साधा. तटस्थ घनतेचे (रंग न बदलता प्रकाश मंद करणारे) फिल्टर लावून लेझरची शक्ती टप्प्याटप्प्याने उतरवली, मोजणीचा वेळ वाढवला. ५० मायक्रोवॉटच्या खाली शिखर हलेनासं झालं. दोनदा भाजलेला तुकडा मात्र पूर्ववत झाला नाही. नवा घ्यावा लागला. वहीतलं ते पान अजून खोडलेलं नाही.