परदेशी जाताना घरच्या कुत्र्याला नवं घर कसं द्यावं

नवं घर शोधायच्या आधी, कुत्र्याला आपल्याबरोबर नेता येतं का ते तपासा. बडोद्यात 'परदेशात कुत्रं नेता येत नाही' हे इतक्या जणांकडून ऐकायला मिळतं की पुष्कळ लोक पुढे चौकशीच करत नाहीत. खरं तर देशागणिक नियम वेगळे आहेत. ब्रिटनला न्यायचं तर आधी कातडीखाली बसवायची ओळखीची मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची अँटिबॉडी तपासणी आणि रक्त घेतल्यापासून ३ महिने थांबणं, असा क्रम आहे. अमेरिकेचे नियम १ ऑगस्ट २०२४ पासून कडक झाले, आणि भारत रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांत मोडत असल्याने इथून नेताना ते आणखी कडक आहेत. तरी चिप, सहा महिन्यांचं वय आणि कागदपत्रं जमवली तर नेता येतं. खर्च आहे, दगदग आहे, पण वाट आहे.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट निराळी. भारत त्यांच्या मान्य देशांच्या यादीत नाही, त्यामुळे इथून कुत्रं किंवा मांजर थेट नेता येत नाही. आधी मान्यता असलेल्या तिसऱ्या देशात किमान १८० दिवस ठेवायचं आणि मग मेलबर्नजवळच्या मिकलहॅमला सरकारी विलगीकरणात. आम्ही मेलबर्नलाच चाललो होतो. आमची बुंदी सहा वर्षांची, ठिपक्यांची देशी कुत्री. दांडिया बाजारातल्या घराबाहेर ती कधी एकटी झोपलेली नाही. तिला सहा महिने परक्या मुलखात पैसे देऊन कुणाकडे तरी ठेवायचं आणि नंतर पुन्हा पिंजरा आणि विमान, हे मला तिच्यावर लादायचं नव्हतं. ती बडोद्यातच राहील, पण चांगल्या घरी राहील, असं आम्ही ठरवलं.

शोध व्हिसा हातात आल्यावर नाही, अर्ज भरतानाच सुरू करा. घाईत दिलेलं घर हे बहुतेक वेळा 'हो' म्हणणारं पहिलं घर असतं.

घर पाहताना 'तुम्हाला कुत्री आवडतात का?' या प्रश्नाचा काही उपयोग नाही. सगळेच हो म्हणतात, आणि मनापासून म्हणतात. मी विचारायचे, 'दुपारी दोन वाजता घरात कोण असतं?' कुत्र्याचा दिवस माणसांच्या येण्याजाण्यावर बांधलेला असतो. बुंदी जन्मभर सासूबाईंच्या पायाशी बसलेली. सकाळी देवपूजा, दुपारी त्यांची वामकुक्षी, संध्याकाळी ओटल्यावर गप्पा, आणि ती सतत शेजारी. पुण्याला माझे दीर-जाऊ तिला घ्यायला एका पायावर तयार होते, आणि त्यांच्याइतकी प्रेमळ माणसं मी पाहिली नाहीत. पण दोघं सकाळी नऊला निघतात ते रात्रीच परततात. बुंदीने तिथे दिवसभर दाराकडे डोळे लावून काय करायचं? मी त्यांना स्पष्ट नाही म्हटलं. नात्यातल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं, पण इथे भीड बाळगू नका.

शेवटी मांजलपूरला राहणाऱ्या एक गुजराती मासी ठरल्या. निवृत्त शिक्षिका, नवरा-बायको दोघं घरी, बंद अंगण, आणि आधीचं कुत्रं चौदा वर्षांचं होऊन त्यांच्याच घरी वारलेलं. हा शेवटचा मुद्दा मी फार मानते. आधीचं जनावर म्हातारपणी कसं सांभाळलं हे विचारा. ज्याने ते केलं आहे तो बारीकसारीक सांगतो. औषध कशात कालवून द्यायचो, रात्री कितीदा उठायला लागायचं, हे त्याला आठवत असतं.

बडोद्यात आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो, तो म्हणजे खाण्याचा. कट्टर शाकाहारी घर असेल आणि तुमच्या कुत्र्याला रोज अंडं, आठवड्याला चिकन लागत असेल, तर हे पहिल्याच भेटीत बोला. मासी वैष्णव. स्वयंपाकघरात अंडं येणार नाही हे त्यांनी सांगितलं आणि मला ते मान्य होतं. मागच्या अंगणातल्या वेगळ्या शेगडीवर मासा उकडून देतील असं ठरलं. कुत्रं शाकाहारी आहारावरही राहू शकतं, पण तो आहार पशुवैद्याकडून नीट आखून घ्यावा लागतो. नुसत्या दूध-भाकरीवर ते भागत नाही. मांजराचं मात्र मांसाशिवाय चालत नाही. त्याला टॉरिन हा घटक आहारातून मिळावाच लागतो, नाही तर डोळे आणि हृदय बिघडतं. म्हणून घर कितीही प्रेमळ असलं तरी त्या ओट्यावर मांसाला किंवा मांसाहारी तयार खाद्याला जागा नसेल तर मांजर देऊ नका. आणि खाणं बदलायचंच असेल तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला, एकदम बदललं की पोट बिघडतं.

कुठलंही घर नक्की करण्याआधी तिथे स्वतः जा. फाटकाची कडी, गच्चीचा कठडा, रात्री झोपायची जागा पाहा. भाड्याचं घर असेल तर मालकाशी बोला. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, तसं भारतीय पशुकल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. तरी पहिल्याच आठवड्यात शेजारपाजाऱ्यांशी भांडण नको, तेव्हा आधी ओळख करून दिलेली बरी. ज्याला तुमच्या घरी येऊन कुत्र्याला भेटायला वेळ नाही, 'फोटो पाठवा, गाडी पाठवतो' असं जो म्हणतो, त्याला देऊ नका. चांगल्या जातीची मादी असेल तर दुप्पट सावध राहा. पिल्लं विकण्यासाठी मादी फुकट मिळवणारे लोक आहेत. नसबंदी झालेली नसेल तर ती करूनच द्या, निघायच्या निदान महिनाभर आधी, म्हणजे जखम तुमच्या देखरेखीखाली भरते.

पशुवैद्याकडे नव्या माणसाला सोबत घेऊन जा. लसीकरणाचं कार्ड, जंताच्या औषधाच्या तारखा, वजन आणि जुने आजार त्यांच्यासमोर वाचून घ्या. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा टिक फीव्हर फार आढळतो, तेव्हा रक्ताची एक साधी तपासणी करून प्लेटलेट्स ठीक आहेत ना ते पाहून घ्या. आजार लपवून कुत्रं कधीही देऊ नका. बुंदीला पावसाळ्यात कानाचा त्रास होतो. औषधाचं नाव, थेंब किती, आणि कान धरताना ती गुरगुरते पण चावत नाही, हे सगळं मी मासींना दोनदा करून दाखवलं.

मग वही. ही माझ्या मते सगळ्यात मोलाची वस्तू. माझ्या मुलाने ती लिहिली, मी पुरवणी जोडली. कुठल्या हाकेला येते, कुठल्याला येत नाही. बस, थांब, सोड, आत चल, असे आमचे मराठी शब्द. मासींनी ते गुजरातीत उतरवून फ्रिजवर चिकटवले. घंटागाडीवर भुंकते. मोठ्या ट्रकला घाबरते. छत्री उघडली की पलंगाखाली जाते. काय खायला द्यायचं नाही याचं पान वेगळं होतं: कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे. बेदाणे मुद्दाम लाल शाईने लिहिले, कारण प्रसादाचा शिरा कुणीही प्रेमाने पुढे करतं आणि त्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. सेव-उसळीवरचा कांदाही घातक.

सोपवायची वेळ सणवार पाहून ठरवा. नवरात्रात आपल्याकडे रात्री उशिरापर्यंत गरब्याचे लाउडस्पीकर चालतात, दिवाळीत फटाके, आणि १४-१५ जानेवारीला उत्तरायण. तेव्हा अख्खं शहर गच्चीवर, दारं सताड उघडी, आरडाओरडा आणि रात्री पुन्हा फटाके. नव्या घरातलं कुत्रं अशा दिवशी पळालं तर सापडणं कठीण. या सणांच्या आधीचे दोन-तीन आठवडे टाळा. आम्ही उत्तरायण आटोपल्यावर फेब्रुवारीत सुरुवात केली, ऊन तापायच्या आधी.

एका दिवसात सोपवू नका. आधी मासी आमच्याबरोबर सूरसागर तलावाच्या कडेने फिरायला येऊ लागल्या, पट्टा माझ्या हातात. मग पट्टा त्यांच्या हातात, मी मागे. मग संध्याकाळचं जेवण त्यांच्या हातून. मग त्यांच्याकडे एक दुपार, पुढे एक रात्र, मग शनिवार-रविवार. शेवटी जाताना तिची गोधडी न धुता दिली, कारण तिला ओळखीचा वास हवा असतो. निरोप घेताना गळ्यात पडून रडू नका. तुमचा ताण तिला कळतो आणि ती त्या जागेलाच घाबरते. रडू मलाही आवरत नव्हतं, पण मी ते रिक्षात बसेपर्यंत थोपवलं.

पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे, कारण कुत्रं जुन्या घराच्या दिशेने पळू शकतं. गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस वापरा, अंगणातसुद्धा पट्टा लावा, आणि नव्या माणसाचा फोन नंबर कोरलेला बिल्ला पहिल्याच दिवशी घाला. चिप असेल तर नोंदणीतलं नाव आणि फोन बदला. तीन दिवस बावरलेलं, तीन आठवड्यांत घराची शिस्त समजलेलं, तीन महिन्यांत रुळलेलं, असा सर्वसाधारण अंदाज असतो. या काळात तुम्ही भेटायला जाऊ नका. व्हिडिओ कॉलवर हाकही मारू नका. आवाज येतो आणि माणूस दिसत नाही, मग ती घरभर शोधते. त्यांनी पाठवलेले व्हिडिओ पाहा, तेवढं पुरे.

मुलांना खरं सांगा. 'शेतावर गेली' वगैरे नको. मुलगा आठ वर्षांचा, त्याने मासींचं घर पाहिलं, तिची जागा त्यानेच निवडली. तो दुःखी झाला, पण ती कुठे आहे हे त्याला ठाऊक आहे.

काही लोक सुचवतील, देशी कुत्री आहे, कुठल्यातरी पोळात, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीत, सोडा, जगेल. जगत नाही. प्रत्येक गल्लीत तिथली कुत्री असतात, ती परक्याला फाडतात, आणि घरात वाढलेल्या जनावराला अन्न शोधता येत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली जनावराला असं उपाशी मरायला सोडून देणं हा गुन्हा आहे. घरात पिंजऱ्यातला देशी पोपट असेल तर त्याचा रस्ता वेगळा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो पाळता येत नाही आणि कुणाला देताही येत नाही. वन विभागाशीच बोला, उघड्यावर सोडू नका.

एक साधं पत्र दोघांच्या सह्यांनी करा. कुत्रं विकणार नाही, पिल्लांसाठी वापरणार नाही, सांभाळणं अशक्य झालं तर तिसऱ्याला न देता आधी आम्हाला कळवू, एवढंच. शहरातला एक पर्यायी माणूसही त्यात लिहा. आमच्या पत्रात कारेलीबागच्या माझ्या मावसभावाचं नाव आहे. तो महिन्यातून एकदा मासींकडे चहाला जातो. पशुवैद्याच्या खर्चासाठी त्याच्याकडे काही रक्कम ठेवली आहे. मासींनी आधी नको म्हटलं, मग आजारपणापुरती घेऊ असं कबूल केलं.