अंगणात दिक्पात कसा मोजायचा

होकायंत्राची सुई दाखवते ती पृथ्वीच्या चुंबकाची उत्तर; नकाशावरची खरी उत्तर तिच्यापासून थोडी सरकलेली असते. या दोन उत्तरांमधला कोन म्हणजे दिक्पात. मुलं ही व्याख्या पेपरापुरती घोकतात, म्हणून गोव्यातल्या आमच्या डिचोलीत मी नववीच्या वर्गाला सरळ अंगणात काढते.

हे डिसेंबर-जानेवारीत करावं. आभाळ स्वच्छ, सावली लांब. सपाट जागी काठी ओळंबा लावून उभी करा आणि बुंध्याभोवती सुतळीने वर्तुळ आखा. सकाळी सावली आखडत जाते. तिचं टोक वर्तुळाला टेकलं की तिथे एक खडा ठेवा. दुपारी ती लांबत पुन्हा वर्तुळाला टेकेल, तिथे दुसरा. दोन खड्यांमधलं अंतर मोजून मध्य काढा, तो बुंध्याशी जोडा. झाली दक्षिणोत्तर रेषा. घड्याळात बारा वाजताची सावली मात्र धरू नका. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशाची, आणि गोवा त्याच्या पश्चिमेला. गोव्यात सूर्य माथ्यावर येतो साडेबाराच्या मागेपुढे.

आता होकायंत्र रेषेवर ठेवा. रेषा आणि सुई यांच्यातला कोन म्हणजे दिक्पात. गोव्यात सध्याचा दिक्पात पश्चिमेकडे जेमतेम एखाद अंश, शाळेतल्या होकायंत्रावर धड वाचताही न येणारा. तेव्हा सुई आठ-दहा अंश कलली तर पृथ्वीला बोल लावू नका, लोखंड शोधा: गेट, स्कूटर, काँक्रीटमधल्या सळ्या, मोबाइलच्या कव्हरातलं चुंबक. मोबाइलवर मॅग्नेटोमीटरचं, म्हणजे चुंबकीय क्षेत्राची तीव्रता मोजणारं, अ‍ॅप असेल तर उत्तमच. आपल्याकडे आकडा चाळीस मायक्रोटेस्लाच्या (हे त्या तीव्रतेचं एकक) आसपास हवा. साठ दिसला की जागा बदला. खाणीच्या मातीला उगाच दोष देऊ नये. दोन्ही लोहखनिजंच, पण हेमटाइट सुईला फारसं हलवत नाही, मॅग्नेटाइट हलवतं.

खडक सुई फिरवतात हे जुआंव द कास्त्रो या पोर्तुगीज दर्यावर्द्याने १५३८ मध्येच चौलजवळ टिपलं होतं. त्याच वर्षी लिस्बनहून गोव्याला येताना तो वाटेत जागोजागी दिक्पात मोजत आला होता. पुढे तो इथला व्हाइसरॉय झाला. मला त्या पदापेक्षा त्याच्या या नोंदी जास्त मोलाच्या वाटतात.

जुना टोपोशीट (सर्वेक्षणाचा छापील नकाशा) वापरत असाल तर समासात दिक्पात छापलेला असतो, तो त्या सालचा. दिक्पात वर्षागणिक सरकतो, त्यामुळे छापलेला आकडा तसाच धरू नका. आणि ऑस्ट्रेलियातल्या मामाने पाठवलेलं होकायंत्र इथे तबकडीला घासतं, कारण तिथली सुई तिथल्या झुकावाप्रमाणे (सुई आडवी न राहता वर-खाली जितकी कलते त्याप्रमाणे) तोललेली असते. डावा-उजवा हात बदलून उपयोग नाही, इथलंच घ्या.