एनटीपीडी: वेळ जुळते, पण स्टॅट्सचं फोल्डर रिकामं (माझा अनुभव)

एनटीपीडी म्हणजे संगणकाचं घड्याळ नेटवर्कवरच्या टाइम सर्व्हरशी जुळवणारा प्रोग्रॅम. उबंटू 20.04 वर त्याच्या लूपस्टॅट्स (आपल्या घड्याळाच्या दुरुस्तीची नोंद), पीअरस्टॅट्स (प्रत्येक सर्व्हरची नोंद) फायली वेगळ्या डिस्कवर हव्या होत्या. कॉन्फिगमधल्या 'स्टॅट्सडिर' (या फायलींचं फोल्डर) सेटिंगमध्ये नवा पाथ दिला. वेळ छान जुळायची, फोल्डर मात्र रिकामं. मालकी 'एनटीपी' युजरला दिली, परवानग्या सैल केल्या, रीस्टार्ट केलं. ढिम्म! डोकं फिरायची वेळ आली.

कर्नल लॉगमध्ये ॲपआर्मरचा (कोणता प्रोग्रॅम कोणत्या फायली वापरू शकतो हे ठरवणारी सुरक्षा यंत्रणा) 'डिनाइड', म्हणजे नकार, सापडला. एनटीपीडीसाठीच्या त्याच्या प्रोफाइलमध्ये (नियमांच्या फायलीत) फक्त मूळ पाथला मुभा असते. मग आधी ॲपआर्मरच्या 'लोकल' फोल्डरमधल्या एनटीपीडीच्या फायलीत ओळ टाकली: नवा पाथ, स्लॅश, दोन तारे, मग 'आरडब्ल्यूएल' (वाचणं, लिहिणं, लिंक करणं) आणि स्वल्पविराम. 'एल' गाळू नका. नावात तारीख असलेल्या फायलीची हार्ड लिंक (त्याच फायलीचं दुसरं नाव) त्याशिवाय बनत नाही. नंतर मूळ प्रोफाइल (लोकल नव्हे) रीलोड केलं आणि शेवटी एनटीपीडी रीस्टार्ट. पीअरस्टॅट्स आधी दिसते, लूपस्टॅट्स घड्याळ जुळल्यावरच.